दोन उजवी पायडलं

“रघूदा, मागं बसून पायडल मारणाऱ्या माणसाला आपण सायकल चालवतोय हे कळायचं कसं?”

पद्माक्कानं हे विचारलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. त्या गृहस्थांना अठ्ठावीसच्या रिमवर सव्वीसचा टायर चढवून हवा होता. रबरच आहे, ताणलं की बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणालो, तुमचा सदरा तुमच्या थोरल्या भावाला ताणून घालून बघा आणि मग या. ते रागावून गेले. दुसऱ्या दिवशी आले म्हणा, टायर घ्यायला.

कोल्हापुरात गंगावेशीत माझं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान. आता ते पुतण्या बघतो आणि मी खुर्ची टाकून नुसता बोलत बसतो. पण त्या काळात शटर वर गेलं की ते खाली येईपर्यंत मला एकच प्रश्न विचारला जायचा : हे त्याला बसेल का? लेडीज सायकलचं चेनकव्हर जेंट्सला बसेल का, जुन्या हबला नवा एक्सल बसेल का, मामाच्या सायकलचं कॅरिअर भाच्याच्या सायकलला बसेल का. मी हातात घेऊन, डोळ्याजवळ नेऊन, बसेल किंवा बसणार नाही असं सांगून टाकायचो. वर एक वाक्य फुकट द्यायचो, की बाबांनो, बसतं आणि चालतं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ते फुकट असल्यामुळे कुणी नेत नसे.

पद्माक्काचा प्रश्न मात्र असा नव्हता. तो हातात घेऊन बघता येत नव्हता.

पद्मजा मगदूम. कॉलेजात असताना तिची नजर कडेकडेनं जायला लागली आणि पदवी हातात येईपर्यंत पुरती गेली. पुढं ती बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाली. नजर जाण्याआधी ती कसबा बावड्याहून रोज कॉलेजला सायकल हाणत यायची, आणि पोरांना मागं टाकायची. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. तिचा धाकटा भाऊ नेमिनाथ, म्हणजे आमचा नेमा, उद्यमनगरात टर्नर. स्वतःची शेड, स्वतःचं लेथ. त्यानं दोन काळ्या जेंट्स सायकली कापून, जोडून, एक जोडसायकल बनवली. पुढं नेमा, हँडल आणि ब्रेक त्याच्याकडं. मागं पद्माक्का. दोघांची पायडलं एका चेननं बांधलेली, म्हणजे एकाचं फिरलं की दुसऱ्याचं फिरणारच. संध्याकाळी ती लांबडी रंकाळ्याला वळसा घालायला लागली की भेळवालेसुद्धा हात थांबवून बघायचे.

“पायाला जोर लागतो की, अक्का,” मी म्हणालो. “त्यावरनं कळतं.”

“जोर लागतोय. पण मी जोर लावला न्हाई तरी पायडल फिरतंयच. नेमा फिरवतोय. मग मी लावलेला जोर कुठं गेला?” तिनं काउंटरवर हात ठेवला. आवाज खाली आणला. नेमा बाहेर सायकल धरून उभा होता. “काल रंकाळ्यावर मी गपचूप नुसता पाय ठेवून बसले. अर्धा वळसा. नेमाला कळलंसुद्धा न्हाई.”

मी हातातला टायर खुंटीला अडकवला.

“म्हणजे अण्णा म्हणालेत ते खरंच की,” ती म्हणाली.

अण्णा म्हणजे हिंदुराव अण्णा. आमच्या रंकाळा सायकल मंडळाचे अध्यक्ष. साठी उलटलेले, पैलवानी अंगाचे, सायकलवरसुद्धा डोक्याला फेटा. मंडळाची रीत अशी की दिवाळी झाली की सगळ्यांनी टेम्पोत सायकली घालून खाली वैभववाडीला उतरायचं, मुक्काम करायचा, आणि सकाळी करूळचा घाट चढून गगनबावड्याला वर यायचं. नवीन माणूस पहिल्यांदा चढला की वर अण्णा स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधायचे. त्या दिवसापासून तो मंडळाचा. नियम एकच. वाटेत हवं तेवढं थांबा, चहा प्या, पंक्चर काढा, रडा. पण सायकल पुढं जायची ती पायडलानंच. हातानं वीतभर ढकलली की टेम्पोत.

त्या वर्षी नेमानं मंडळाच्या बैठकीत सांगितलं, की अक्काही येणार. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. “येऊ दे की. पण फेटा मिळायचा न्हाई. फेटा चालवणाऱ्याला असतोय. मागं बसतंय ते वझं.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पोत्याला पोतं म्हणावं इतक्या सहज ते बोलले. पद्माक्का तिथंच बसली होती.

“मला फेट्याचं काय न्हाई, रघूदा,” ती आता दुकानात म्हणाली. “पण मी चालवणारी हाय का वझं हाय, हे मला तरी कळाय पायजे.”

मी एक घंटी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, ही मागच्या दांडीला बसेल. ती हसली आणि गेली.

घाटाच्या पायथ्याशी आम्ही उजाडताना निघालो. कोकणातून धुकं वर सरकत होतं. पहिल्या दोन वळणांतच त्यानं आम्हाला गाठलं, आणि बघता बघता पुढचं झाड, कठडा, दरी, सगळं गेलं. तरणी पोरं केव्हाच पुढं सटकली होती. मी जोडसायकलीच्या मागं होतो, कारण पान्यांची आणि सुट्या भागांची पिशवी माझ्याकडं असायची. अण्णा माझ्या मागं. सगळ्यांत शेवटी टेम्पो, पहिल्या गिअरमध्ये कण्हत येणारा.

“नेमा, काय दिसतंय रं?” पद्माक्कानं विचारलं.

“धुकं, अक्का. काय म्हणजे काय दिसत न्हाई.”

“म्हणजे आज सगळीच माझ्यासारखी,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच त्याचं इतकं हसू आलं की सायकल डुलली. नेमानं तिला मस्करी बंद करायला सांगितलं. मला मागून तिची पाठ दिसत होती आणि वेणी. पाय गोल गोल फिरत होते. ते ती फिरवत होती की तिला फिरवलं जात होतं हे मागून मलाही सांगता आलं नसतं. तो विचार मनात आला आणि मी नजर रस्त्यावर घेतली.

चढ खरा सुरू झाला आणि एका वळणावर नेमाचा डावा पाय एकदम हवेत गेला. पायडल निखळून रस्त्यावर आदळलं आणि गडगडत माझ्या चाकाजवळ येऊन थांबलं. सायकल लटपटली. नेमानं कशीबशी टेकवली. मी उतरलो, पायडल उचललं. त्याचे आटे पार चावले होते, टोकाला नुसता चुरा.

“हे सैल होतं व्हय?”

“रंकाळ्यावरबी जरा सैल व्हायचं,” नेमा म्हणाला. “मी आवळायचो. म्हटलं नवीन हाय, बसायला वेळ लागंल.”

मी मागं जाऊन पद्माक्काचं डावं पायडल धरलं. हातानं हललं. दोन आट्यांवर लोंबकळत होतं. जरा ओढलं तर माझ्या हातातच आलं, आटे खाल्लेले. मी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“नेमा, हे उजव्या बाजूचं पायडल हाय.”

“हां. चारीबी उजवीच लावलीत.”

“चार उजवी? आणि डावी कुठं गेली?”

नेमानं हँडलच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन कोरी पायडलं काढली. “ही दोन उरली. तुमच्याकडनं बदलून घ्यायची होती.”

मला आधी हसू फुटलं, आणि मग त्याच्या तोंडाकडं बघून ते आवरलं. झालं होतं असं. पुढचा आणि मागचा असे दोघांचे पाय एका चेननं बांधायचे, तर ती चेन सायकलच्या डाव्या अंगाला घ्यावी लागते, कारण उजव्या अंगाला मागच्या चाकाची चेन असते. पण दात्यांचं चक्कर असलेली क्रँक, म्हणजे पायडल जिला लावतात ती दांडी, बाजारात मिळते ती उजव्या बाजूचीच. नेमानं जुन्या बाजारातून तसल्या दोन आणून डाव्या बाजूला बसवल्या. बसल्या. मग त्यांना डावी पायडलं बसेनात, उजवी लगेच बसली, म्हणून आणखी दोन उजवी आणून लावली. टर्नर माणूस. आट्यात आटा गेला की त्याच्या लेखी विषय संपला.

“अरे, डाव्या पायडलाला उलटे आटे उगाच देतात काय?” मी म्हणालो. “डाव्या बाजूला सरळ आटा घातला तर पाय मारशील तसा तो सुटत जातो. सपाटीला हळूहळू, चढाला भराभर.”

नेमानं कपाळावर हात मारून घेतला. “ग्राइंडरच्या डाव्या अंगालाबी उलटाच आटा असतोय. पोरांना मीच शिकवतोय ते.” तो रस्त्याच्या मधेच खाली बसला.

माझ्या पिशवीत जास्तीची पायडलं होती, पण क्रँकच्या भोकातलेही आटे गेले होते. आत काहीच धरणार नव्हतं. डाव्या बाजूला दोघांनाही पायडल नाही, आणि वर अजून निम्मा घाट.

“उजव्या पायानं जाऊया,” पद्माक्का म्हणाली. “दोघांचे उजवे तरी हाईत की.”

करून बघितलं. डावे पाय खालच्या नळीवर टेकवले, सायकल चढाला आडवी घेतली आणि दोघांनी मिळून दाबलं. सायकल पुढं गेली. मग दोन्ही उजवे पाय एकदमच तळाला गेले, आणि ते वर आणायला कुणीच नव्हतं. सायकल जागच्या जागी मेली. परत केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी पडता पडता वाचले.

तोवर अण्णा येऊन पोचले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, क्रँकच्या भोकात बोट घालून बघितलं. “घाला टेम्पोत,” ते म्हणाले. आवाज नरम होता. “पुढल्या दिवाळीला या. घाट काय पळून जात न्हाई.”

धुक्यात मागून टेम्पोचं कण्हणं जवळ आलं. नेमा उठला आणि त्यानं सायकलची पुढची नळी धरली.

“हात काढ,” पद्माक्का म्हणाली.

“अक्का, आता काय—”

“हात काढ म्हटलं नव्हं. मला विचार करू दे.”

ती कठड्यावर बसली. टेम्पो येऊन थांबला, ड्रायव्हरनं बिडी पेटवली. पद्माक्कानं दोन्ही पाय कठड्यावरून अधांतरी सोडले आणि उजवा पाय हवेत गोल फिरवला. खाली नेला, थांबवला, वर आणला. मग तिनं हाताची मूठ केली आणि ती पायाबरोबर फिरवायला लागली. पाय खाली, मूठ खाली. पुन्हा. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. आणि मग तिची मूठ थांबली. पाय खाली गेला तेव्हा मूठ वर गेली. पाय वर आला, मूठ खाली.

“रघूदा.”

“हां, अक्का.”

“नेमाचा पाय तळाला जाऊन मरतोय, तेव्हाच माझाबी मरतोय. दोघं एकदम जोर लावतोय आणि एकदम मरतोय. आता ही मधली चेन काढून, माझं पायडल अर्धा फेर फिरवून परत चेन चढवली तर? म्हणजे त्याचं खाली तेव्हा माझं वर.” ती जरा थांबली आणि मग तिनं माझ्या दुकानातला तोच प्रश्न विचारला. “बसेल का?”

मी सायकलीकडं बघत राहिलो. किती साधं होतं. चेनला कुठला दाता कुठं आला याचं काय देणंघेणं? एकाचा उजवा पाय आणि दुसऱ्याचा उजवा पाय, एक खाली एक वर, म्हणजे दोघांत मिळून एका माणसाचे दोन पाय झाले. आयुष्यभर मी सुटे भाग जुळवत आलो, पण असं जुळवणं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“बसेल,” मी म्हणालो. पिशवीतून पाना काढला आणि पुढं म्हणालो, “चालेल का ते मात्र मला सांगता येत न्हाई.”

“ते मी बघते,” ती म्हणाली.

चेन ताणून धरायला नेमानं मध्ये एक लहान चक्री ठेवली होती. ती सैल केली, चेन उतरवली. पद्माक्कानं स्वतः वाकून आपलं पायडल हातानं अर्धा फेर फिरवलं, नेमाचं कुठं आहे ते चाचपून पुन्हा पुन्हा खात्री केली. मी चेन चढवून चक्री आवळली. अण्णा हात बांधून उभे होते. सायकल ढकलतो की काय यावर त्यांची नजर होती, आणि ते योग्यच होतं.

नेमानं सायकल चढाला आडवी लावली. आपलं पायडल वर घेतलं. “अक्का, बसलीस?”

“बसले. हाण.”

त्यानं दाबलं. त्याचा पाय तळाला गेला आणि मी श्वास धरला, कारण आता सायकल मरायची ती हीच जागा. पण तिथं पद्माक्काचा पाय वर येऊन तयार होता. तिनं दाबलं. सायकल डगमगली, पण पुढं गेली. मग नेमा. मग ती. हँडल डावीकडं उजवीकडं नाचत होतं, चेन कुरकुरत होती, आणि ती लांबडी घाट चढत होती.

“ढकलली न्हाई,” अण्णा स्वतःशीच पुटपुटले आणि सायकलवर टांग टाकून निघाले.

वर धुकं आणखी दाट झालं. मला आता ती दोघं दिसेनाशी झाली, नुसती ऐकू यायची. नेमा जोर लावताना “हं” करायचा आणि त्याच्या मागोमाग अक्काचा नाकातून सुटलेला श्वास. हं, आणि श्वास. हं, आणि श्वास. कधी चुकलं तर दोन्ही गळून पडायचे, ब्रेक करकचायचा, मग नेमा मोजायचा आणि पुन्हा सुरू. किती वेळा थांबली असतील, मी मोजलं नाही. माझे स्वतःचे दोन्ही पाय शाबूत होते, दोन्ही पायडलं जागेवर होती, आणि मला त्यांच्या मागं राहताना धाप लागत होती. अण्णा माझ्या शेजारून जात होते. एरवी घाटात ते सगळ्यांना टोमणे मारत चढतात. त्या दिवशी मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते.

वर पोचायच्या आधी एक वळण आहे, तिथं रस्ता अंगावर येतो. त्या वळणात नेमाचा “हं” बदलला. आधी बारीक झाला, मग कण्हल्यासारखा आला.

“अक्का, माझी पोटरी गेली. गोळा आलाय.”

“उतरू नको.”

“जोर लागंना, अक्का.”

“नुसता पाय ठेव. जाऊ दे तो आपोआप खाली. जेवढा जाईल तेवढा.” तिला दम लागला होता, शब्द तुटत होते. “माझं अर्धं माझ्याकडं हाय.”

मग आवाज लंगडा झाला. एक बाजू जवळजवळ मुकी आणि एक बाजू जोराची. मुक्या बाजूला सायकल मरायला टेकायची, आता थांबली, आता पडली असं वाटायचं, आणि त्या मरणाच्या काठावरून ती मागून उचलली जायची. प्रत्येक फेराला मी मनात म्हणायचो, ह्या वेळी नाही जमणार. प्रत्येक फेराला ती उचलायची. धुक्यात कुणी कुणाला दिसत नव्हतं, आणि तरी ती सायकल आता कोण चालवतंय याबद्दल घाटातल्या दगडालाही शंका उरली नसती. दुकानात मला जे उत्तर देता आलं नव्हतं ते तिथं, चार हातांवर, चेनच्या कुरकुरीतून ऐकू येत होतं. तिनं पाय नुसता ठेवला असता तर सायकल थांबली असती. ती थांबत नव्हती.

माझे डोळे भरून आले. धुकंच इतकं होतं की ते पुसायचीही गरज नव्हती.

“हाण, पोरी,” अण्णांचा आवाज आला. मंडळाच्या इतक्या वर्षांत अण्णांनी घाटात कुणाला हाण म्हटलेलं मला आठवत नाही. चहा सांडला तरी चालेल पण कौतुक सांडू द्यायचं नाही, असा तो माणूस.

वळण संपलं, चढ मोडला आणि धुकंही एकदम खाली राहिलं. वर ऊन होतं. गगनबावड्याच्या स्टँडजवळ पुढं आलेली पोरं भज्यांच्या गाड्यावर उभी होती. जोडसायकल वळणातून उन्हात आली तेव्हा त्यांना आधी काहीतरी चुकल्यासारखं दिसलं असणार. दोन माणसं, डावीकडं पायडलं नाहीत, एकाचा गुडघा वर तर एकीचा खाली. पोरं शिट्ट्या मारायला पुढं आली आणि जवळ आल्यावर त्यांनी बाजूला होऊन वाट करून दिली.

नेमा उतरला आणि पोटरी धरून रस्त्यावरच आडवा झाला. पद्माक्का सायकलीवरच बसून राहिली. ऊन तोंडावर घेऊन. तिचा उजवा पाय पायडलावर थरथरत होता आणि तो खाली घ्यायची तिला घाई नव्हती.

“नेमा,” ती म्हणाली.

“हां.”

“कळलं.”

नेमाला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला.

अण्णांनी आपली सायकल माझ्या हातात दिली. त्या वर्षी नवीन कुणी नव्हतं, त्यामुळे मंडळानं फेटा आणलाच नव्हता. अण्णांनी स्वतःच्या डोक्याचा फेटा सोडायला घेतला. वेढ्यामागून वेढा सुटत गेला आणि खालून टक्कल निघालं. ते आम्ही कुणीच कधी बघितलं नव्हतं आणि बघितल्याचं कुणी दाखवलंही नाही. फेट्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, पीळ घातला आणि पद्माक्काच्या डोक्याला बांधायला लागले. फेटा घामानं भिजलेला होता.

“कुणाचा हाय हा?” तिनं विचारलं.

“माझा,” अण्णा म्हणाले. “घाण वास येत असंल. चालवून घे.”

“कसल्या रंगाचा?”

“गुलाबी होता. आता गेलाय रंग.”

“आणि मी वझं नव्हते, अण्णा?”

अण्णांनी तुऱ्याचं टोक नीट खोचलं. “मला दिसत काय नव्हतं,” ते म्हणाले. “पण कान हाईत की. शेवटचं वळण तू एकटीनं चढवलंस. नेमाचं वझं घेऊन.” मग ते पोरांकडं वळले आणि उगाचच ओरडले, की भजी सगळी तुम्हीच खाल्लीत का.

पुढच्या आठवड्यात नेमा दुकानात आला. त्यानं उद्यमनगरात नवीन क्रँक घेऊन भोकात उलटे आटे पाडले होते, आणि ती दोन कोरी डावी पायडलं एकदाची बसली. मी मधली चेन उतरवली आणि दोघांची पायडलं पुन्हा पहिल्यासारखी एका रेषेत आणायला लागलो. पद्माक्का काउंटरला टेकून उभी होती. तिला चेनच्या आवाजावरून कळलं.

“रघूदा, तसं नको.”

“अक्का, आता चारी पायडलं हाईत. आता सरळ बसवलं तरी चालेल.”

“चालेल. पण मग परत सगळं एकात एक मिसळून जाणार. परत मला काय कळणार न्हाई.” ती पुढं आली, सायकलीजवळ बसली आणि तिनं नेमाचं पायडल हातानं चाचपून तळाला नेलं, जिथं पाय मरतो त्या जागेला. मग आपलं पायडल आडवं, पुढं आणून धरलं, जिथं पायाला सगळ्यात जास्त जोर येतो. पाव फेराचा फरक. “त्याचा पाय हितं मरतोय ना, तिथं माझा पायजे. असं बसेल का?”

“बसेल,” मी म्हणालो.

मी चेन चढवली आणि चक्री आवळली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती लांबडी रंकाळ्याला वळसे घालत राहिली. बघणाऱ्याला ती फेंगडी दिसायची, दोघांचे गुडघे कधीच जुळायचे नाहीत. काही जण दुकानात येऊन मला सांगायचे, की रघूदा, त्या सायकलीची चेन कुणीतरी चुकीची चढवलीय. मी म्हणायचो, ती मीच चढवलीय.